दुबईचा हुकूमनामा, रत्नागिरीत दरखास्त

अशील परदेशी निकालाची फाईल टेबलावर ठेवतो, तेव्हा मी आधी देश विचारतो. मागे दापोलीचे एक गृहस्थ आले. दुबईत भागीदाराने पैसे बुडवले, तिथल्या कोर्टाने यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर भागीदार गाशा गुंडाळून गावी परतला आणि रत्नागिरीत बंगला बांधून मोकळा झाला. म्हटलं, नशीब काढलंत! १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने अमिरातीचे हुकूमनामे, म्हणजे कोर्टाने निकालानंतर काढलेले आदेश, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ मध्ये आले; हे कलम ठरावीक देशांचे हुकूमनामे इथे थेट अमलात आणू देतं. ब्रिटन, सिंगापूरचे आधीपासून आहेत. अशा हुकूमनाम्याची थेट जिल्हा न्यायालयात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते, तालुक्याच्या कोर्टात नाही. निकाल अमेरिकेचा असता तर त्याच्या आधारे इथे नवा दावा, तोही निकालापासून तीन वर्षांत.

कागद दोन लागतात. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, आणि त्याच कोर्टाचा दाखला: या हुकूमनाम्यापैकी किती रक्कम वसूल झाली, किती बाकी. हा दाखला लोक हमखास विसरतात. माझ्या पहिल्या दरखास्तीत मीच विसरलो होतो, कोर्टाच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांनी पान उलटलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बाकी किती ते कोण सांगणार?" अशिलाला पुन्हा विमानाचं तिकीट काढावं लागलं. मूळ अरबी असेल तर प्रमाणित भाषांतरही सोबत घ्या.

खरी झुंज कलम १३ वर होते; परदेशी निकाल इथे कधी मान्य होत नाही, ते हे कलम सांगतं. समोरचा म्हणणार, मला समन्सच मिळालं नाही, निकाल एकतर्फी आहे. नुसता एकतर्फी असल्याने हुकूमनामा पडत नाही. पण कोर्टाने पुरावा न बघता, प्रतिवादी गैरहजर म्हणून रक्कम मंजूर केली असेल, तर तो गुणदोषांवरचा निकाल नव्हे, आणि तिथे दरखास्त अडकते. म्हणून मी पूर्ण निकालपत्र मागवतो, पुरावा कुठे तपासलाय तिथे पेन्सिलने खूण करतो. समन्स बजावणीचा कागद त्यालाच टाचतो.

दरखास्तीच्या मुदतीचं गणित इथल्या हुकूमनाम्यांना लागू असलेल्या बारा वर्षांनी करू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाच्या प्रकरणात सांगितलं, की मुदत निकाल देणाऱ्या देशाच्या कायद्याने मोजायची.

दरम्यान सातबारा आणि मिळकत पत्रिका काढून ठेवा. दापोलीकरांचा भागीदार नोटीस मिळताच बंगला बायकोच्या नावे करायला निघाला होता. जप्तीचा अर्ज आमचा तयार होता.