यूव्ही घरी बसवताय? दिव्याचं सोडा, काचेकडे बघा

पिण्याच्या पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही (अतिनील प्रकाशाचा दिवा) कसा बसवायचा हे कुणालाही विचारा, तो दिव्याबद्दलच बोलत सुटतो. किती वॅटचा घ्यावा, कुठला टिकतो वगैरे. अहो, दिवा लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खरी कटकट त्याच्या बाहेरच्या क्वार्ट्झच्या नळीची असते, म्हणजे दिव्याला पाण्यापासून वेगळी ठेवणाऱ्या काचेची. गळतं तिथूनच, फुटते तीच आणि दिवा नवाकोरा असूनही पाण्यात जंतू निघाले तर बहुतेक वेळा पाप तिचंच असतं.

पाणी लॅबमधून तपासून आणलंय असं धरून चालतो. लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर किंवा हार्डनेस (पाण्याचा जडपणा) १२० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, मग यूव्हीचं बघू. यूव्ही क्षार काढत नाही, वास काढत नाही, नायट्रेटला हातसुद्धा लावत नाही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूंचा डीएनए बिघडवतो आणि त्यांची वाढ थांबते, एवढंच त्याचं काम.

क्रम असा: ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, मग कार्बन फिल्टर, सगळ्यात शेवटी यूव्ही. कार्बन यूव्हीच्या नंतर लावायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, कार्बनमध्ये जंतू मजेत वाढतात आणि तिथून थेट तुमच्या ग्लासात येतात. चेंबर, म्हणजे नळी आणि दिवा ज्यात बसतो तो पाण्याचा डबा, उभा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर म्हणजे हवा अडकत नाही. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह. चेंबरच्या वर त्याच्या लांबीएवढी तरी मोकळी जागा सोडा, नाहीतर वर्षभरानं दिवा बाहेर काढताना कपाट फोडायची वेळ येईल. चेंबरवर लिहिलेल्या फ्लोपेक्षा जास्त वेगानं पाणी जाऊ द्यायचं नाही. बॅलास्ट (दिव्याला वीज पुरवणारा डबा) भिंतीवर उंच लावा आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब ओघळलाच तर प्लगमध्ये जाणार नाही.

आता काच. पहिल्यांदा बसवली तेव्हा ग्लँड नटमधून (नळी चेंबरच्या तोंडाशी पक्की धरणाऱ्या नटमधून) पाणी झिरपत होतं, मी शहाणपणा करून पाना लावला, अर्धा फेरा दिला आणि कट्कन आवाज आला. तुकडे चेंबरच्या तळाशी, मग अख्खा चेंबर भिंतीवरून काढून उलटा करून धूत बसलो. म्हणून सांगतो, तो नट हातानंच आवळायचा, पाना त्या खोलीतच आणू नका. हातानं आवळून गळत असेल तर नटचा दोष नसतो, ओ-रिंग (नळीवरचं रबरी कडं) कोरडी किंवा वाकडी बसलेली असते.

ओ-रिंग आधी पाण्यानं ओली करा किंवा खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पुसटसं लावा. व्हॅसलीन नको, रबर फुगतं. नळी चेंबरमध्ये हळूच सरकवा, दोन्ही टोकांनी उघडी असेल तर दोन्हीकडे सारखी बाहेर राहिली पाहिजे, मग ओ-रिंग न पिळता, न लोळवता सरळ ढकलत चेंबरच्या तोंडाला टेकवायची आणि त्यावर नट. हे सगळं सुती हातमोजे घालून. बोटांचं तेल काचेवर लागलं की दिव्याच्या उष्णतेनं तिथंच भाजून बसतं आणि तेवढ्या जागेतून प्रकाश कमी जातो. दिव्याच्या काचेलाही हाच नियम.

मग दिवा न घालताच पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून. घाई करू नका, कोरडा टिश्यू नटभोवती गुंडाळून अर्धा तास थांबा. मी एकदा हे टाळलं, दिसत तर काहीच नव्हतं, पण तासाला एखादा थेंब आत उतरत होता आणि दोन महिन्यांनी दिव्याच्या पिना हिरव्या पडलेल्या. टिश्यू कोरडा निघाला तरच दिवा आत, मग कनेक्टर, मग टोपण आणि सगळ्यात शेवटी प्लग. पेटलेल्या दिव्याकडे थेट बघायचं नाही, डोळे भाजतात.

आणि कोणी म्हणालं की काचेची नळी कुठूनही कापून आणली तरी चालते, तर चालत नाही! साधी काच २५४ नॅनोमीटरचा प्रकाश अडवते. दिवा आत झकास निळा दिसेल आणि जंतू बाहेर पोहत राहतील.

पहिल्या वापराआधी यूव्हीच्या पुढचे पाइप धुवायचे, हे तर लोक हमखास विसरतात. यूव्हीतून पुढे गेलेल्या पाण्यात मारणारं काही शिल्लक नसतं, त्यामुळे पाइपमधले जुने जंतू तसेच राहतात. फिल्टरच्या आतली कार्ट्रिज (गाळणी) काढून ठेवा, बिनवासाचं ब्लीच मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं फिल्टरच्या डब्यात ओता, यूव्ही चालू ठेवून प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, अर्धा तास थांबा, मग वास जाईस्तोवर वाहू द्या. यूव्ही बंद असताना चुकून नळ वापरला गेला तर हे परत करायचं, तोपर्यंत पाणी उकळून प्या.

देखभाल सोपी आहे. दिवा साधारण ९००० तासांचा असतो, म्हणजे सलग चालला तर वर्षाच्या वर जेमतेम दहा दिवस. निळा दिसतोय ना मग कशाला बदलायचा, असं म्हणू नका, डोळ्यांना दिसणारा उजेड टिकतो आणि कामाचा प्रकाश आधीच उतरलेला असतो. सारखा बंद-चालू करू नका, त्यानं आयुष्य घटतं. काच मात्र कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून साफ करायची, माझ्याकडे तीन महिन्यांत पांढरा थर बसतो. प्लग काढा, पाणी बंद करा, नळ उघडून प्रेशर सोडा, नळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, घासणी नको. नंतर भरपूर पाण्यानं धुवा, व्हिनेगरचा अंश राहिला आणि त्यावर ब्लीच पडलं तर विषारी वायू तयार होतो. ओ-रिंग दिव्याबरोबर दरवर्षी नवीन.

जुना दिवा घरच्या कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा आणि व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, तुकडे जाड कागदानं गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.