पत्र कोणत्या भाषेत लिहिलंय, तिथून सुरुवात करा

मी कॅथलिक हायस्कूलमध्ये सामाजिक शास्त्रं शिकवते. माझ्या शेजारच्या वर्गात लॅटिन आणि स्पॅनिश चालतं. बरीच वर्षं आम्ही दोघी आपापल्या तासाला आपापलं शिकवत होतो. मग एकच मजकूर दोन्ही तासांना घ्यायचं ठरवलं आणि मुलं इतिहासही जास्त नीट वाचू लागली, भाषाही. तुमच्या शाळेत हे करायचं असेल तर माझ्या अनुभवातून सांगते.

मजकूर म्हणून एन्सिक्लिकल निवडा, म्हणजे पोपचं चर्चला उद्देशून लिहिलेलं जाहीर पत्र. ही पत्रं व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर अनेक भाषांत फुकट मिळतात. सुरुवातीला ‘रेरुम नोवारुम’ घ्या. पोप लिओ तेराव्यांनी ते १५ मे १८९१ रोजी काढलं. विषय कारखान्यांतल्या कामगारांची स्थिती. पहिल्या वर्षी मी अख्खं पत्र वाटलं होतं. तिसऱ्या पानावर वर्ग हातातून गेला. आता फक्त दोन तुकडे देते: पहिलं वाक्य आणि मजुरीबद्दलचा परिच्छेद.

पहिल्या दोन शब्दांवर एक पूर्ण तास घालवा, घाई नको. मुलं शब्दकोश उघडतात: ‘रेस’ म्हणजे गोष्ट, ‘नोवा’ म्हणजे नवी. ‘रेरुम नोवारुम’ ही षष्ठी, अनेकवचन, म्हणून ‘नव्या गोष्टींची’. फळ्यावर तेवढंच लिहून थांबा. मग भाषेच्या बाई सांगतात की जुन्या रोमन लेखकांच्या लॅटिनमध्ये ‘नव्या गोष्टी’ म्हणजे सत्तापालट, उलथापालथ. म्हणजे पत्राची सुरुवातच क्रांतीच्या ओढीपासून होते! तिथून १८४८ सालचा कम्युनिस्ट जाहीरनामा, संप, कामगार संघटना या सगळ्याकडे वर्ग आपोआप वळतो. मला वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही.

मजुरीचा परिच्छेद स्पॅनिशच्या मुलांना स्पॅनिशमध्ये द्या. ‘सालारिओ’ (मजुरी), ‘ओब्रेरो’ (कामगार) असे आठदहा शब्द आधी शिकवून ठेवा, बाकीचे त्यांना अंदाजाने लावू द्या. परिच्छेदांचे क्रमांक सगळ्या भाषांतरांत सारखे असतीलच असं नाही, म्हणून झेरॉक्स काढण्यापूर्वी मजकूर स्वतः जुळवून बघा. मालक-मजूर दोघांनी मजुरी कबूल केली तरी ती काटकसरी मजुराच्या पोटापुरती हवीच, हा त्यातला मुद्दा. यावर भरपूर वाद होऊ द्या. त्याच पत्रात समाजवादाला विरोध आहे, खासगी मालमत्तेचं समर्थन आहे, आणि बाईचा स्वभाव घरकामाला साजेसा असतो असंही म्हटलंय. ते लपवू नका. शाळा कॅथलिक आहे म्हणून मजकुराला प्रश्न विचारायचे नाहीत असं होत नाही, आणि वर्गात इतर धर्मांची मुलंही असतात. गुण वाचनाला द्या, श्रद्धेला नाही.

पुढचा टप्पा सोपा आहे. ‘रेरुम नोवारुम’ची आठवण म्हणून पोपची आणखी पत्रं निघाली: १९३१ मध्ये ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ आलं, १९९१ मध्ये ‘चेन्तेसिमुस आन्नुस’. पहिलं ‘चाळिसाव्या वर्षी’, दुसरं ‘शंभरावं वर्ष’. वजाबाकी करा, दोन्हींतून १८९१ च निघतं. क्रमवाचक संख्या आणि विभक्ती एका फटक्यात पक्क्या होतात. १९९१ च्या पत्रात १९८९ या वर्षावर अख्खं प्रकरण आहे. पूर्व युरोप शिकवताना ते हाताशी ठेवा.

पण माझा सगळ्यात आवडता धडा १९३७ चा. तीच व्यक्ती, तोच मार्च महिना, दोन पत्रं. पोप पायस अकरावे १९ मार्चला साम्यवादाविरुद्ध लॅटिनमध्ये लिहितात. त्याआधी पाचच दिवस, १४ मार्चला, नाझी राजवटीविरुद्ध ‘मिट ब्रेनेन्डर झोर्गे’ लिहितात, ‘जळत्या काळजीने’, आणि ते जर्मनमध्ये. तारखा आणि शीर्षकं फळ्यावर लिहा आणि एकच प्रश्न विचारा: हे एक जर्मनमध्ये का? उत्तर सांगू नका. मुलं भांडतात, अंदाज करतात. मग सांगा की ते पत्र गुपचूप जर्मनीत पोचवलं गेलं, तिथेच छापलं गेलं आणि २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार), चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. नंतर छापखान्यांवर कारवाई झाली. बाकांवर बसलेल्या साध्या माणसाला ऐकताक्षणी कळायला हवं, तर लॅटिन कसं चालेल? हे एका मुलाने स्वतःहून म्हटलं, तेव्हा मी खडू खाली ठेवला.

परीक्षेऐवजी एक पानाचं पत्र लिहून घ्या, मजुरी किंवा कामाच्या तासांबद्दल. भाषा मुलांनी निवडायची आणि ती का निवडली ते खाली दोन ओळींत लिहायचं. एका मुलीने कारखान्याच्या मालकाला उद्देशून स्पॅनिशमध्ये लिहिलं. कारण दिलं: ‘पत्र मालकाला आहे, पण सफाई करणाऱ्या बायकांनी आधी वाचून ते खरं आहे का हे सांगायला हवं.’ क्रियापदांचे गुण भाषेच्या बाईंनी दिले, त्या दोन ओळींचे मी.