युद्धानंतरचा विकासदर कसा वाचावा

युद्ध थांबलं की ‘२० टक्के वाढ’ अशी बातमी येते. मी वर्गात मुलांना आधी युद्धापूर्वीचा आकडा फळ्यावर लिहायला लावते. उत्पादन १०० वरून ६० वर आलं आणि पुढच्या वर्षी ७२ झालं, तर वाढ २० टक्केच. पण देश अजून २८ ने मागे.

मग जमिनीकडे वळा, माझा सगळा जीव यातच आहे. परतलेल्यांकडे घराचा कागद आहे का? नवरा गमावलेल्या बाईचं नाव त्यावर लागलं का? नसेल तर ती पेरायलाही कचरते, कर्ज तर दूरच. जपानने १९४६ च्या कायद्याने कुळांना जमिनी दिल्या. त्यामुळे दुसऱ्याच्या मालकीची, पण कुळं कसत असलेली शेतजमीन सुमारे ४६ टक्क्यांवरून १० वर आली.

दरडोई उत्पन्न पाहताना लोकसंख्याही तपासा. माणसं देश सोडून गेली तरी ते वाढलेलं दिसू शकतं.