वाळू कोणाची, पाणी कोणाचं: किनाऱ्यावरची मालकी कशी तपासायची

समुद्रकिनाऱ्याचे वाद माणसांमध्ये होतात, पण अडतात ते रेषेवर. कायद्याच्या लेखी किनारा ही एक सलग जागा नसते. वरची कोरडी पुळण, भरतीत बुडणारी ओली पट्टी, समुद्राचा तळ आणि त्यावरचं पाणी यांचे मालक वेगवेगळे असू शकतात, आणि पाण्याला तर बहुधा मालक नसतोच, नुसता अधिकार चालवणारा असतो. तेव्हा कागद काढण्याआधी आपला प्रश्न यांतल्या नेमक्या कुठल्या पट्टीचा आहे ते ठरवा.

मग त्या जागेचा कायदा कुठली रेषा धरतो ते पाहा. अंदाजाने इथे हमखास फसायला होतं. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेच्या खालची ओली पट्टी राज्याकडे असते. मॅसॅच्युसेट्स आणि मेनमध्ये मात्र सतराव्या शतकातल्या वसाहतकालीन नियमामुळे खासगी मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत उतरते. मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार आणि नौकानयन यांपुरता लोकांचा हक्क तिथे राखलेला आहे. स्पेनच्या 1988 च्या कायद्याने हद्द उलट जमिनीकडे सरकवली: ज्ञात मोठ्या वादळांच्या लाटा जिथवर पोचल्या, तिथवरचा किनारा सार्वजनिक. फ्रान्समध्ये असाधारण हवामान वगळून सर्वांत मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं ती हद्द. इंग्लंडमध्ये ओली पट्टी राजसत्तेची असं सरसकट धरलं जातं, पण तिथली जवळपास निम्मी पट्टी बंदरं, स्थानिक संस्था किंवा जुन्या जमीनदारांकडे गेलेली आहे. भारतात महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 20 पाहा: भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारचा. प्रादेशिक समुद्राखालची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या 12 सागरी मैलांच्या पट्ट्याखालची, जमीन आणि खनिजं मात्र संविधानाच्या अनुच्छेद 297 प्रमाणे केंद्राकडे.

रेषा कळली तरी ती वाळूवर उतरवणं हे वेगळंच काम. शेवाळ आणि काटक्यांची जी ओळ दिसते ती फक्त गेल्या भरतीची, कधी उधाणाची, कायद्याची नव्हे. सरासरी भरतीरेषा काढताना बऱ्याच ठिकाणी साधारण 19 वर्षांच्या नोंदी घेतात, कारण चंद्राच्या कक्षेचं एक आवर्तन 18.6 वर्षांचं असतं आणि त्याआधी थांबलं तर उधाण (मोठ्या भरत्या) आणि भांग (लहान भरत्या) यांचा हिशेब एकांगी राहतो. ही उंची जवळच्या भरतीमापन केंद्राकडून घ्यायची आणि मोजणीदाराकडून जागेवर आखून घ्यायची.

सर्वांत महागडी चूक इथेच होते. सागरी नकाशावरचे आकडे साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात, तर जमिनीच्या नकाशावरच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्हींतलं अंतर त्या ठिकाणासाठी शोधून वजाबाकी केल्याशिवाय एकातला आकडा दुसऱ्यात वापरू नका. 50 ला 1 उताराच्या सपाट पुळणीवर उंचीत 30 सेंटिमीटरची गफलत झाली तर रेषा आडवी 15 मीटर सरकते. आणि हो, सागरी नकाशावर अधोरेखित आकडा दिसला तर ती खोली नाही. ओहोटीला उघडी पडणारी जागा त्या पातळीच्या किती वर आहे ते तो सांगतो. उपग्रहचित्रावरून हद्द आखणाऱ्याला तर ते चित्र भरतीच्या कुठल्या क्षणी घेतलं, एवढंच विचारा.

खरेदीखतात चतुःसीमा नीट वाचा. ‘पश्चिमेस समुद्र’ असं लिहिलं असेल तर हद्द समुद्राबरोबर हलते की ठरावीक खुणांवर थांबते, हा पुढचा प्रश्न. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात वाळू हळूहळू साचली तर ती साधारणतः लगतच्या मालकाला मिळते, हळूहळू धूप झाली तर त्याचंच जातं. वादळाने एका रात्रीत किनारा बदलला तर मात्र हद्द जुन्या जागी राहते. फ्लोरिडात सरकारने बाहेरून वाळू टाकून किनारा रुंद केला, तेव्हा नवी पट्टी राज्याची ठरली आणि बंगलेवाल्यांची हद्द पाण्यापासून तुटली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ते मान्य केलं. म्हणून मोजणीच्या नकाशावर तारीख नसेल तर तो नकाशा अर्धाच समजावा.

मालकी आणि वापर हे दोन वेगळे अर्ज, वेगळी कार्यालयं. ओरेगनमध्ये कोरडी वाळू कागदोपत्री खासगी असली तरी 1967 च्या कायद्याने झाडोऱ्याच्या रेषेपर्यंत लोकांचा वापराचा हक्क राखला. भारतात गोष्ट उलट्या बाजूने येते: सातबारा तुमच्या नावावर असतो, पण किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) जागा असेल तर बांधकामाला बंदी किंवा अटी लागतात. सातबारा दाखवून ते कळत नाही. त्यासाठी किनारा व्यवस्थापनाचा मंजूर आराखडा पाहावा लागतो.

पाण्याकडची मोजणी बरीच सोपी आहे, कारण 1982 च्या समुद्र कायदा कराराने अंतरं ठरवून दिली आहेत. मोजायचं ते भरतीरेषेपासून नव्हे, तर अधिकृत नकाशावरच्या ओहोटीच्या रेषेपासून. फार दंतुर किनाऱ्यावर सरळ रेषा ओढायची मुभा असते. 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, देशाचं सार्वभौमत्व. तिथेही परदेशी जहाजाला उपद्रव न करता ये-जा करता येते. 200 मैलांपर्यंत मासे, तेल, वाऱ्याची वीज यांवर त्या देशाचा हक्क, पण पाणी त्याच्या मालकीचं नाही. दुसऱ्याचं जहाज निव्वळ जातंय म्हणून त्याला अडवता येत नाही. मानवी वस्तीला किंवा स्वतःच्या अर्थव्यवस्थेला आधार न देणाऱ्या नुसत्या खडकाला ही 200 मैलांची पट्टी मिळत नाही. त्यामुळेच एवढ्याशा कातळावरून देश भांडतात: तो बेट ठरला तर चहूबाजूंनी 370 किलोमीटर.

त्यापलीकडच्या खुल्या समुद्रावर कुठलाच देश मालकी सांगू शकत नाही. खंडमंच, म्हणजे जमिनीचाच समुद्राखाली पुढे गेलेला भाग, संपल्यावरच्या खोल तळातली खनिजं 1982 च्या करारानुसार साऱ्या मानवजातीची. ती शोधायची असतील तर जमैकातल्या किंग्स्टनमध्ये असलेल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करावा लागतो, आणि खासगी कंपनी असेल तर तिच्यामागे समुद्र कायदा करारातल्या एखाद्या देशाचं पुरस्कर्तेपणही लागतं.