पेनकिलर बंद झाल्यावर कंबर कशी सांभाळायची (पाण्याच्या दिवसासकट)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर बावीस वर्षं काढली मी. दिवसभर उभं राहायचं, वाकून तुटलेला धागा जोडायचा, बीम चढवायला हात लावायचा. कंबर तिथंच गेली. मग काय, कामावरून येताना मेडिकलमधून दोन गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी सात-आठ वर्षं. मेडिकलवाल्यानं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की बीपी आहे म्हणून. एक दिवस पायावर सूज आली, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर परिणाम झालेला, डॉक्टर म्हणाले काका आजपासून दुखण्याची गोळी पूर्ण बंद. मी म्हटलं मग कंबरेचं काय करू, तर म्हणाले फिजिओकडं, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्यांकडं जा. म्हणजे गोळी गेली आणि दुखणं तसंच राहिलं. किडनी, अल्सर, हार्ट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यापैकी कशामुळं तरी ज्यांची पेनकिलर बंद झालीय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी गोळ्यांचंच बघा कारण इथंच लोकं फसतात. ब्रँडचं नाव बघू नका, पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक हे सगळे एकाच घरातले भाऊ, एक बंद म्हणजे सगळे बंद. नुसत्या पॅरासिटामॉलसारखी दिसणारी गोळीपण बऱ्याचदा अॅसेक्लोफेनॅक मिसळलेली असते. "कमरेत एक इंजेक्शन मारा, बरं वाटंल" म्हणतात ते इंजेक्शनही बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकच. आणि गावोगाव मिळणाऱ्या लेबल नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या, ज्यानं दोन दिवसात जादूसारखं बरं वाटतं, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, त्या नादाला लागूच नका. साधं पॅरासिटामॉल चालतं का, किती चालतं ते डॉक्टरला विचारा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, जुन्या कंबरदुखीत त्याचा उपयोग कमीच. मलम पण विचारूनच लावा, थोडं का होईना रक्तात जातं. पायात कळ जाते त्याला दिलेल्या प्रेगाबालिन, गॅबापेन्टिनचा डोस किडनी बघून कमी करावा लागतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात की पहिलं वाक्य "मला किडनीचा त्रास आहे" हेच असू द्या.

आता काही गोष्टी अशा की ज्यात वाटच बघायची नाही. लघवी अडकणं किंवा कळत नकळत होणं, दोन्ही मांड्यांच्या मधे बधिर पडणं, पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून सुटतीय, असलं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. ताप, वजन उतरणं, आडवं पडल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, हे पण लवकर दाखवा, आपल्याकडं मणक्याचा टीबी होतो हे विसरू नका.

यातलं काही नसेल आणि तीन महिन्यांच्या वर दुखत असेल तर त्याला जुनाट म्हणतात. एमआरआयमध्ये "गॅप आलाय", "गादी सरकलीय" लिहून आलं की माणूस निम्मा तिथंच मरतो. मी पण घाबरलो होतो. फिजिओच्या पोरीनं सांगितलं, काका, काहीच न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. म्हणजे रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. कंबर मोडलेली नाही, ती चिडलेली आहे, हे डोक्यात बसायला मला चार महिने लागले.

आणि चिडते कधी? तर पाण्याच्या दिवशी! सोलापूरकराला सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी पहाटे चारला. झोपेतून उठायचं आणि लगेच वाकून बादल्या, घागरी, बॅरल, टाकी, दोन तास नुसती पळापळ, मग तीन दिवस अंथरूण. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो, आणि आपण नेमकं तेव्हाच वाकतो. म्हणून मी आता हे असं करतो. रात्रीच पाइप नळाला जोडून बॅरलमधे सोडून ठेवतो, सकाळी फक्त कॉक उघडायचा. बॅरल विटांच्या कट्ट्यावर चढवलाय आणि खाली तोटी बसवून घेतलीय, म्हणजे तांब्यासाठी आत वाकायला नको. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो, ती एका हातात घेऊन जिना चढणं हे बंदच. दोन छोट्या बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून दोन्ही हातात, फेऱ्या दुप्पट झाल्या तरी चालतील. उचलताना बादली पायांच्या मधे, वाकायचं ते खुब्यातून, पाठ सरळ, ढुंगण मागं, आणि उचलून झाल्यावर वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर पिळायची नाही. वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं भिंतीला टेकून उभं राहायचं, दुखत नसलं तरी. हे "दुखत नसलं तरी" फार महत्त्वाचं आहे, कारण आपण काय करतो, बरं वाटलं की साठलेली सगळी कामं एका दिवशी उरकतो.

हाच हिशोब बाकी सगळ्याला लावा. बायको जमिनीवर बसून भाकरी थापायची, तिचीही कंबर गेली होती, आता ओटा आहे, एक पाय छोट्या पाटावर ठेवून उभी राहते, थोड्या थोड्या वेळानं पाय बदलते. कडक भाकरी एकदम पन्नास करायच्या असतील तर दोन दिवसांत वाटून करा, कुठं पळून चाललीय ती.

व्यायाम म्हणाल तर पहाटे उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरायचे नाहीत. उठून तासाभरानं, चटईवर उताणं, गुडघे वाकवून, ढुंगण उचलून पाच सेकंद धरायचं, पाच वेळा. मग हातापायावर रांगत्या मुलासारखं, एक हात पुढं आणि उलटा पाय मागं, सात-आठ सेकंद, दोन्हीकडून पाच-पाच. मग कुशीवर, कोपरावर भार देऊन आणि गुडघे टेकवून कंबर उचलायची. एवढंच. दर आठवड्याला एक-एक वाढवा. केल्यावर थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवलं तर ठीक, पायात कळ उतरली तर थांबा आणि फिजिओला दाखवा. एकदा तरी फिजिओसमोर करून बघाच, मोबाइलवर बघून मी महिनाभर चुकीचं करत होतो.

चालणं मात्र सगळ्यात स्वस्त. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला अभ्यास २०२४ मधे लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला, पाठदुखीतून नुकते उठलेले लोक, त्यातले जे हळूहळू चालणं वाढवत गेले त्यांना दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. मी दहा मिनिटांपासून सुरू केलं, आता अर्धा तास. विजापूर रोडला कंबर तलावावर जातो, हो, कंबरेसाठी कंबर तलाव, मित्र हसतात, हसू दे. एप्रिल-मे मधे सातच्या आत घरी यायचं, आपलं ऊन ४२-४३ ला जातं आणि पाणी कमी पडलं तर किडनीला आणखी त्रास. फक्त पाणी किती प्यायचं हे किडनीवाल्यांनी डॉक्टरलाच विचारा, काहींना मर्यादा असते.

झोपताना फरशीवर झोपा म्हणून सांगणारे लै भेटतील. मध्यम कडक गादी बरी, दगडासारखी नको. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमधे उशी, उताणं झोपलात तर गुडघ्याखाली आपली सोलापुरी चादर गुंडाळून ठेवा, ती जाडजूड असते, चांगला आधार होतो. कंबरेचा पट्टा दिवसभर लावू नका, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मधे जुनाट कंबरदुखीबद्दल जे सांगितलं त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नको असंच आहे. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, मधे टॉवेल घालून, साखर असेल तर जास्तच जपून, कारण पाठ भाजली तरी कळत नाही.

उसण भरली तर घाबरून आठवडाभर पडून राहू नका. उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, दहा मिनिटं, मग उठून घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चालायचं, दर तासाला हेच. दोन-तीन दिवसांत नेहमीचं काम हळूहळू सुरू करा.

भिंतीवरच्या दाते पंचांगाच्या कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहितो, किती मिनिटं चाललो आणि काल काय जास्त केलं. दुखणं दहापैकी किती हे लिहिणं सोडलं, त्यानं दिवसभर लक्ष तिथंच राहायचं, फक्त फार दुखलं त्या तारखेला लाल गोल. तीन महिन्यांनी मागं वळून बघितलं तर लाल गोल सगळे पाण्याच्या दिवसानंतरचे, आणि दोन लग्नांचे, कारण खुर्च्या मी उचलल्या होत्या. उद्या पहाटे पाणी यायचंय, पाइप जोडून ठेवलाय, मोठ्या बादल्या पोरगा भरणार, मी कॉक उघडून चहा ठेवणार.