डोंगरउतारावर घर बांधताना: आधी पाण्याची वाट, मग भिंती

कोकणात रस्त्यालगतची सपाट जागा आता मिळत नाही, आणि मिळाली तर परवडत नाही. मग डोंगराच्या कुशीतला प्लॉट घेतला जातो आणि पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. तो फोन जितका उशिरा कराल तितकं बरं. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात साधारण ३,००० मिमी पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. तिथल्या उतारावर खोल्यांचा नकाशा नंतर काढायचा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आधी ठरवायचं.

१. जागा जुलैत बघा

एजंट प्लॉट दाखवतो डिसेंबरात, गवत वाळलेलं असताना. भर पावसात जाऊन पाहा. कुठल्या घळीतून पऱ्या वाहतो? जमिनीतून नवे झरे फुटलेत का? झाडांची खोडं बुंध्याशी वाकून वर सरळ झाली असतील, उतारावर कमानीसारख्या भेगा असतील, तर तिथली माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता आहे. आणि नुसता आपला प्लॉट बघू नका, मान वर करून बघा. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३): तिन्ही ठिकाणी दरड कोसळली आणि मृत्यू घरांच्या वरच्या उतारावरून आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूसंकेत’ पोर्टलवर दरडप्रवण भागांची माहिती मिळते. उतारावरच्या बांधकामाला काय निर्बंध आहेत हे नगररचना कार्यालयात विचारा, तेही विसार देण्याआधी.

२. उतार मोजा, खड्डे घ्या

तीन मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाण्याची नळी पुरे. तीन मीटरला एक मीटर उतरण म्हणजे सुमारे १८ अंश. दोन मीटरला एक म्हणजे सुमारे २७ अंश. इतक्या उतारावर भू-तांत्रिक (माती-खडक तपासणाऱ्या) अभियंत्याशिवाय बांधायचा विचारही करू नये, प्लॉट कितीही स्वस्त असो.

मग वर, मध्ये आणि खाली असे चाचणीचे खड्डे घ्या. कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि त्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमातीसारखा थर असतो. जांभ्याच्या भोकांतून पाणी सहज खाली जातं, शेडीपाशी अडतं आणि तो थर निसरडा होतो. पाया कातळावर किंवा पक्क्या जांभ्यावर टेकला पाहिजे, नव्या भरावावर कधीच नाही.

३. पाण्याला वाट द्या

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छपरावर एका दिवसात २०० मिमी पडला, तर २०,००० लिटर. हे झालं नुसतं छपराचं, डोंगराचं वेगळंच.

घराच्या वरच्या अंगाला दगडी बांधणीचा चर काढा आणि त्याला हलका ढाळ देऊन पाणी बाजूच्या नैसर्गिक वहाळात सोडा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ शेतावर योग्य, घराच्या डोक्यावर नाही. तिथे जिरलेलं पाणी माती जड करतं. शोषखड्डाही घराच्या आणि धारकभिंतीच्या (माती अडवून धरणाऱ्या भिंतीच्या) वर नको. तो खाली, भिंतीपासून लांब. पागोळ्यांचं पाणी पन्हाळीतून टाकीत घ्या, मे महिन्यात तेच उपयोगी पडेल.

४. डोंगर कमी कापा

दोन मजली उंच काप काढून सपाटी करणं महाग आणि धोक्याचं. त्याऐवजी घर उताराला आडवं, लांबट ठेवा आणि आत पातळ्या करा: ओटी वर, चार-पाच पायऱ्या उतरून माजघर, आणखी खाली झोपायच्या खोल्या. एकेक काप शक्यतो दीड मीटरच्या आत. धारकभिंतीमागे दगडगोट्यांचा थर आणि भिंतीत पाणी निघायला पाइप हवेतच. सरसकट काँक्रीट ओतून डोंगराचं तोंड बंद करणारा ठेकेदार दिसला की दुसरा शोधा.

काप आणि घराची मागची भिंत यांत निदान एक मीटर मोकळं सोडा. ही जागा वाया जात नाही. तिथून हवा खेळते, गटार साफ करता येतं आणि भिंतीला ओल धरत नाही.

घर खांबांवर उचलायचं असेल तर एक धोका लक्षात ठेवा. उतारामुळे वरच्या बाजूचे खांब बुटके, खालचे उंच होतात आणि भूकंपात बुटक्या खांबांवर ताण एकवटतो. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) याच सह्याद्रीतला. खांबांचं गणित अभियंत्याकडूनच करून घ्या.

५. ऊन, वारा, झड

समुद्राकडे पाहणारा पश्चिम उतार सगळ्यांना हवा असतो. दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येची झडही तिथेच येते. तिकडे काचेची अख्खी भिंत लावली की एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैत गळती. त्या बाजूला खोल पडवी द्या, कोठी, जिना, न्हाणीघर तिकडे सरकवा. देखावा पडवीतून बघावा.

साधारण १७ अंश अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, म्हणून तापतं ते मुख्यतः छप्पर. कौलांखाली माळा किंवा फळ्यांचं छत ठेवा.

दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो, रात्री थंड हवा खाली उतरते. खिडक्या तशा ठेवा: दरीकडे खालच्या पातळीला, डोंगराकडे आढ्याजवळ झरोके. खोल्यांची एकच रांग असेल तर हवा आरपार जाते.

वळचण मीटरभर बाहेर हवी, पण ती खांबांवर टेकवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात किती छपरं उडवली, ते तिथे कुणालाही विचारा.

६. कामाचा हंगाम

माती हलवण्याचं काम पाऊस उघडल्यावर, दिवाळीनंतर सुरू करा. चर आणि धारकभिंती मेपर्यंत पूर्ण झाल्या पाहिजेत. घर अर्धवट राहिलं तरी चालेल. उघड्या कापावर पहिल्या सरींबरोबर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात. पहिल्या पावसाळ्यात भेगांवर तारीख घालून खुणा करा आणि चर दर आठवड्याला साफ ठेवा. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा भिंतीतले पाइप भर पावसात कोरडे पडले, तर सामान न आवरता बाहेर पडा आणि तलाठ्याला कळवा.