देवनागरी अक्षरांची उजळती पाटी : डिझाइनपासून फिटिंगपर्यंत

महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. इंग्रजीच्या मापाने देवनागरी अक्षरे कापली की घोटाळे सुरू होतात.

उंची आधी ठरवा. ३ मीटर अंतराला २५ मिमी हा ढोबळ हिशेब. रस्त्यापलीकडून, ३० मीटरवरून वाचायचे असेल तर २५० मिमी. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यायचे, वेलांटी-उकार सोडून. ते धरून उंची दीडपट होते, म्हणून पॅनेल (अक्षरे बसवायची मागची पाटी) ५०० मिमीच्या खाली नको.

फाइल कर्व्ह करूनच (फॉन्टची अक्षरे नुसत्या आकाररेषांत बदलून) लेझरवाल्याला द्या, नाहीतर त्याच्याकडे फॉन्ट नसला की रफार भलतीकडे जातो. कर्व्ह केल्यावर वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच बाह्यरेषा करायला, विसरू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये काना आणि शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात. वेल्ड न करता कापले तर शब्दाचे तुकडे हातात येतात. मग ‘ब’ आणि ‘ष’ तपासा. पोटातली तिरकी रेघ बारीक असेल तर प्रकाशात ती बुजते आणि ‘व’, ‘प’ वाचले जातात.

अक्षर म्हणजे आत दिवे असलेला पोकळ डबा. त्यात मॉड्यूल (एलईडी दिव्यांचे छोटे तुकडे) मावायला रेघेची जाडी ३० मिमी तरी हवी. अनुस्वार हा स्वतंत्र डबा असतो: ४० मिमीपेक्षा लहान ठेवू नका, आत एक मॉड्यूल, मागे पॅनेलला वायरचे वेगळे भोक. (हे भोक फिटिंगच्या दिवशी शिडीवर उभे राहून पाडायची वेळ हमखास येते.)

शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध होतो, आणि अॅक्रिलिक उन्हात वाढते: २.४ मीटरचा तुकडा ३० अंश तापला की सुमारे ५ मिमी. दोन्ही टोकांना घट्ट बसवलेला फेस (डब्याचा पुढचा, उजळणारा पत्रा) तडकतो किंवा फुगतो. म्हणून १.२ मीटरपेक्षा लांब तुकडा करू नका. दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषा तोडून २ ते ३ मिमी फट ठेवा. रात्री बारीक काळी रेघ दिसेल, तडकलेल्या फेसपेक्षा ती परवडली.

फेस ३ मिमी दुधी अॅक्रिलिकचा, डब्याची खोली ६० मिमी, मॉड्यूलमधले अंतरही तेवढेच. जास्त ठेवले तर ठिपके दिसतात. १.२ वॅटची ६० मॉड्यूल म्हणजे ७२ वॅट. एसएमपीएस (मॉड्यूलना वीज पुरवणारा डबा) क्षमतेच्या ८० टक्क्यांवरच चालवायचा, म्हणून १०० वॅटचा घ्या. २० मॉड्यूलनंतर एसएमपीएसपासून नवी फीड (वायर) द्या, नाहीतर शेवटची अक्षरे मंद पडतात.

पाणी निघून जायला प्रत्येक डब्याच्या तळाला ५ मिमीचे भोक ठेवा, अनुस्वारालासुद्धा. वरची कड सिलिकॉनने बंद करा, पण आंबट वासाचे सिलिकॉन धातूला गंजवते. न्यूट्रल मागून घ्या. समुद्राकाठी स्टेनलेस ३१६ ग्रेडचे वापरा, ३०४ वर तांबूस डाग येतात.